मानाची वाटणी : छोट्या गावांच्या सामायिक सणांवरील पुस्तकाची प्रस्तावना

कऱ्हाडहून विट्याकडे निघालं की वाटेत कडेगाव लागतं. बकरी ईद झाली की या गावात बांबू येऊन पडतात आणि मोहरमचे ताबूत बांधायला घेतात. घर असो की देऊळ, बांधकाम पायापासून वर चढतं. कडेगावच्या ताबुताचा आधी कळस होतो, मग त्याच्या खालचा मजला, मग त्याच्याही खालचा, आणि पाया सगळ्यांत शेवटी. बांबूचा सांगाडा, अष्टकोनी मजले, वरून रंगीत कागदाची नक्षी. उंचीचा आकडा ज्याला विचारावा तो आपला वेगळा सांगतो. शंभर फुटांच्या खाली मात्र कुणी उतरत नाही. मोहरमच्या दहाव्या दिवशी हे मनोरे माणसांच्या खांद्यांवरून चौकात येतात आणि एकमेकांना भेटतात. देशपांड्यांचा ताबूत, पाटलांचा ताबूत, बागवानांचा ताबूत अशी त्यांची ओळख. यात हिंदू किती आणि मुसलमान किती, हे ज्याला मोजायचं त्याने मोजावं.

वर्तमानपत्रं दरवर्षी मोजतात. मोहरमच्या दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावर तीन कॉलमी फोटो, खाली 'हिंदू-मुस्लिम ऐक्याचं प्रतीक' ही ओळ, की संपलं. ही ओळ इतकी वर्षं छापली जाते आहे की गावातली माणसंही आता तीच बोलतात. बाहेरचा कुणी वही-पेन घेऊन आला की समोरचा म्हातारा आधी ऐक्याचं वाक्य म्हणून दाखवतो, मग चहा सांगतो, आणि चहा पोटात गेल्यावर खरं बोलायला लागतो: बांबू कुणी आणायचा, वर्गणी कुणाची थकली, पुढचा डावा खांदा कुणाच्या घरचा, आणि अमक्या साली भेटीच्या वेळी कोण कुणाच्या आधी पुढं सरकलं म्हणून दोन घरं वर्षभर बोलत नव्हती. या पुस्तकातली तरुण मंडळी चहानंतर थांबली, म्हणून मी प्रस्तावना लिहायला तयार झालो.

पुस्तक छोट्या गावांतल्या सामायिक सणांबद्दल आहे. भर दक्षिण महाराष्ट्रावर, म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यावर आहे आणि त्यातही मोहरम, उरूस आणि गणेशोत्सव यांवर. लेख वाचल्यावर माझं जे मत पक्कं झालं ते आधीच सांगून टाकतो. या सणांना माणसं एकत्र येतात ती एकमेकांबद्दल फार प्रेम आहे म्हणून येतातच असं नाही. ती येतात कारण त्यांच्याशिवाय काम अडतं. इकडच्या भाषेत याला मान म्हणतात. मान म्हणजे सत्काराची शाल-नारळाची पिशवी नव्हे. मान म्हणजे ठरलेलं काम, ते करण्याचा हक्क, आणि ते न केल्यास गावाने तोंडावर विचारावं असा धाक.

दख्खनचा मोहरम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. करबलाच्या रणात इमाम हुसेन मारले गेले त्याचा हा शोक. मुळात शिया पंथीयांचा. पण आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाहीच्या काळात तो इथल्या मातीत असा मुरला की पुढे सुन्नी, मराठे, धनगर, लिंगायत, महार, मांग सगळेच त्यात आले आणि शोकाला जत्रेचं रूप चढलं. चंद्रदर्शनानंतर कुदळ मारायची, म्हणजे पंज्यांसमोरच्या खाईची जागा उकरायची. पंजे बसवायचे. संध्याकाळी ऊद जाळायचा, करबल खेळायची. खत्तलरात्रीला जागायचं, खाईतल्या निखाऱ्यांवरून चालायचं, दहाव्याला भेटी आणि मग पाण्याकडे मिरवणूक. नवस बोललेला मुलगा गळ्यात नाडा घालून फकीर होतो आणि पाच घरं मागून येतो; त्याचं आडनाव जाधव असतं नाहीतर माने. जाफर शरीफ यांचं दख्खनी मुसलमानांच्या रीतिरिवाजांवरचं पुस्तक हर्क्लॉट्स यांनी इंग्रजीत आणलं ते १८३२ साली. मोहरममधले असे फकीर आणि वाघाची सोंगं त्यात तपशिलाने येतात. म्हणजे ही काही कालपरवाची सद्भावना नाही. आजही या पट्ट्यात अशी गावं आहेत जिथं मुसलमानाचं एकही घर नाही आणि मोहरम चुकत नाही.

इतर खुणा तर बोट दाखवीन तिथं सापडतात. देहूहून तुकोबांची पालखी निघते तेव्हा पहिला विसावा आणि आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्याशी होते. कागलला गैबी पिराचा उरूस भरतो आणि तिथल्या घाटगे घराण्यात पिराजीराव हे नाव पिढ्यान्‌पिढ्या ठेवलं गेलं. शहाजी आणि शरीफजी ही भोसल्यांच्या घरातली नावं नगरच्या शाह शरीफ यांच्यावरून आली असं परंपरा सांगते. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. ही यादी भाषणाला उपयोगी पडते, म्हणून सगळे वक्ते ती पाठ करून येतात. मला तिच्यात फार रस नाही. मला रस आहे तो या पुस्तकातल्या चोंग्यांच्या प्रकरणात.

चोंगे म्हणजे मोहरमचा प्रसाद. गुळाचं पाणी करून त्यात कणीक घट्ट मळायची, जाडसर पोळी लाटायची, तिच्यावर नक्षी उठवायची आणि वर खसखस. लेखिका आठवीच्या रात्री एका घरात पीठ मळायला बसली आहे. शेजारणी आपापला जिन्नस घेऊन येतात, कुणी शेर, कुणी दोन शेर. एक जण म्हणते, "भाभी, आमच्या बाळ्याच्या नवसाचे पाच आधी काढा हं, तो झोपंल." भाभी हात न थांबवता म्हणते, "काढते गं, पण तुझा गूळ बघ कसा आलाय, मळीच जास्त. दुकानदाराला नेऊन दाखव." गुळाच्या भावावरून बोलणं साखर कारखान्याच्या बिलावर जातं, तिथून कुणाच्या तरी सुनेवर. इमाम हुसेन येत नाहीत, ऐक्य येत नाही. पाच चोंगे मात्र आठवणीने बाजूला निघतात, फडक्यात बांधून दिले जातात. लेखिकेने यावर एकही निष्कर्ष काढलेला नाही, हे तिचं मला सर्वांत आवडलं.

आता थोडा इतिहास, कारण तो टाळला तर हे पुस्तक गोड गोष्टींचं होईल.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली. त्याच सुमारास पुण्यात गणपती घराबाहेर आला आणि १८९४ पासून लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने त्याला सार्वजनिक उत्सवाचं रूप मिळालं. त्याआधी पुण्याच्या रस्त्यावरचा मोठा, सगळ्या जातींचा सण मोहरम होता. हिंदू ताबूत बसवत, ताबुतापुढं वाजवायला जात, सोंगं घेत. १८९४ साली पुण्याच्या हिंदूंनी मोहरमकडे पाठ फिरवली, आणि नव्या गणेशोत्सवात मेळे आले, गाणी आली, वेशभूषा आली, दहा दिवसांनी पाण्यात विसर्जनाची मिरवणूक आली. गणपती पूर्वीही बुडवत असत, पण गल्लीगल्लीतून वाजतगाजत एका रांगेने निघणं ही ताबुतांची रीत होती. अभ्यासकांनी हे साम्य नोंदवून ठेवलं आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. एका सणाला पर्याय म्हणून दुसरा उभा राहिला, आणि उभा राहताना पहिल्याची पुष्कळ कामं त्याने उचलली. पुण्यात ताबूत ओसरले. छोट्या गावांत ते ओसरले नाहीत, कारण तिथं एवढी माणसंच नव्हती की एका सणाचे वाजंत्री वेगळे आणि दुसऱ्याचे वेगळे ठेवावेत. ज्याने पंज्यापुढं ताशा वाजवायचा त्यानेच गणपतीपुढं वाजवायचा.

आणि मग गंमत अशी की गणपती मशिदीत जाऊन बसला.

वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीची गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. १९६१ साली गणपतीच्या दिवसांत पाऊस कोसळत होता, मूर्ती भिजू लागली, तेव्हा मुसलमानांनी सांगितलं की मशिदीत आणून ठेवा. पुढं १९८० मध्ये तिथल्या मंडळाने ती रीत पक्की केली आणि तेव्हापासून दरवर्षी गणपती मशिदीत बसतो. शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडचं आणखी वेगळं. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं, नरसोबाच्या वाडीच्या शेजारचं हे पटवर्धनांच्या जुन्या संस्थानाचं गाव. तिथं एक नव्हे, पाच मशिदींत गणपती बसतो. मंडळात दोन्हीकडची मुलं, आरतीला दोन्हीकडची माणसं.

यातलं चमत्कारिक काय ते कळायला पंचांग जवळ घ्यावं लागतं. मुसलमानी महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो, आपला शुक्ल पक्षही अमावस्येनंतरच. म्हणजे महिने दोन्हीकडचे चांदाचेच. फरक एवढाच की आपण दोन-पावणेतीन वर्षांनी अधिक मास घालून वर्ष ऋतूंशी जुळवून घेतो, ते घालत नाहीत. त्यामुळे त्यांचा महिना आपल्या महिन्यांतून हळूहळू मागे सरकत जातो आणि साधारण तेहेतीस वर्षांनी फिरून तिथंच येतो. मोहरम आणि भाद्रपद एकावर एक आले की दहावा मोहरम शुद्ध एकादशी-द्वादशीच्या आसपास पडतो, म्हणजे गौरी गेलेल्या, अनंत चतुर्दशी यायची, असा ऐन गणपतीत. १९८५ ते १९८७ असं झालं. पुन्हा झालं ते २०१८, २०१९ आणि २०२० मध्ये. त्याच्या आधीची तीन वर्षं, २०१५ ते २०१७, बकरी ईद गणपतीत येत होती. गोटखिंडीत अशा वेळी मुसलमानांनी गणपतीच्या दिवसांत कुर्बानी केली नाही. आणि २०२३ पासून तीन वर्षं ईद-ए-मिलाद अनंत चतुर्दशीला येऊन भिडली. २०२३ ला दोन्ही एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला, आले आणि मुसलमानांनी राज्यभर जुलूस दुसऱ्या दिवसावर नेला. सरकारने सुट्टीही सरकवली.

म्हणजे २०१५ ते २०२५ या अकरा वर्षांत जवळजवळ दर भाद्रपदात एकाच गावात दोन सण होते. मंत्रालयात याची चिंता बंदोबस्ताच्या आकड्यांत होते. गावात ती वेगळ्या प्रश्नात होते: गणपतीही मशिदीत आणि पंजेही मशिदीत, तर उजव्या बाजूला कोण? कुरुंदवाडने २०१८ ला दोन्ही एका छताखाली बसवले. २०१९ ला तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात महापूर आला. शिरोळ तालुका पाण्याखाली, कुरुंदवाडला वेढा, माणसं जनावरांसकट छावण्यांत. पाणी ओसरल्यावर घराघरांतून चिखल उपसायचा, भिंतींवर पुराच्या खुणा, धान्य कुजलेलं, आणि गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला. त्या वर्षी वर्गणी मागायला जायची कुणाची हिंमत होती? तरी गणपती बसले, पंजे बसले. पुस्तकात एक जण सांगतो की पुरानंतर मांडव घालायला बांबू नव्हता म्हणून मशीद बरी पडली. मला हे उत्तर फार आवडलं. गोटखिंडीत पाऊस, इथं पूर. मोठ्या गोष्टी अशा अडचणीतूनच होतात, आणि त्यांना नंतर तत्त्वज्ञान चिकटवलं जातं.

पण हे सगळं असताना दंगली होतातच, आणि याच पट्ट्यात होतात. मिरजेचं उदाहरण घ्या. ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा, त्याच्या उरुसात पहिला गलेफ चर्मकार समाजाचा. अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले आणि १९३७ साली ते गेल्यावर त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात गवई वर्षानुवर्षं हजेरी लावत आले. सतार-तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांचं हे गाव. त्याच मिरजेत सप्टेंबर २००९ मध्ये गणपतीच्या मांडवावरच्या अफझलखान वधाच्या कमानीवरून दंगल पेटली, ती सांगलीपर्यंत पसरली आणि कित्येक मंडळांचे गणपती विसर्जनाशिवाय अडले. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, शाहू महाराजांच्या कोल्हापुरात. त्याच वर्षी सप्टेंबरात सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव मशिदीवर गेला आणि एक तरुण मारला गेला.

मग या उरुसांचा आणि ताबुतांचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर ते गैर नाही. माझ्यापुरतं उत्तर असं: मानाची वाटणी ज्या माणसांपर्यंत पोचते त्यांनाच ती धरून ठेवते. गलेफ घेऊन जाणाऱ्या घराला दर्गा आपला वाटतो. चार गल्ल्या पलीकडच्या, उरुसात पाळण्यात बसण्यापलीकडे काहीच काम नसलेल्या मुलाला तो आपला वाटायचं कारण नाही. आणि रात्री साडेअकराला आलेला एखादा स्टेटस नेमका त्याच मुलाच्या हातात असतो. पूर्वी गावात अफवा यायची तर ती कुणाच्या तरी तोंडून यायची, आणि त्या तोंडाला विचारता यायचं. आता ती विचारता न येणाऱ्या जागेवरून येते. मोहरमच्या मानकऱ्यांच्या यादीत मोबाइलसाठी कुठला मान ठेवायचा, हे अजून कुणाला सुचलेलं नाही. पुस्तकातल्या एका लेखात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन हाच नवा मुजावर आहे असं म्हटलं आहे. वाक्य जरा चटपटीत आहे, पण चुकीचं नाही.

दुसरी गोष्ट मानाच्या आतली. मान वाटला जातो तेव्हा पायरीही वाटली जाते. हलगी वाजवायचा मान कुणाचा, आणि मग पंगतीत तो कुठं बसायचा? ताबूत उचलणारे पुरुष. बायकांनी वाटेत त्यांच्या पायांवर पाणी घालायचं. वर्षानुवर्षं हे चालत आलं म्हणून ते गोड मानून घ्यायचं कारण नाही. १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणपतीत अस्पृश्यांनी पूजेचा हक्क मागितला तेव्हा किती रणं माजली ते प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. शेवटी तोड निघाली ती अशी की फुलं अस्पृश्य बांधवाने आणायची आणि पुजाऱ्याने ती वाहायची. म्हणजे हात गाभाऱ्यापर्यंत गेला, मूर्तीपर्यंत नाही. प्रबोधनकारांनी पुढं तिथं नवरात्र सुरू केलं. मुंबईची गोष्ट आहे, पण फुलांची ही देवाणघेवाण खेड्यापाड्यांत आजही वेगवेगळ्या रूपांत चालू आहे. चौदा एप्रिलला भीमजयंतीची मिरवणूक मुख्य पेठेतून जाणार की मागच्या रस्त्याने, यावर ज्या गावात तहसीलदारांना बैठक घ्यावी लागते, त्याच गावच्या मोहरमचा फोटो ऐक्याचं प्रतीक म्हणून छापून येतो. दोन्ही खरं असतं. या पुस्तकात जयंतीवरचं प्रकरण सर्वांत लहान आहे. ते मोठं हवं होतं.

सरकारनेही या बाबतीत काही कमी केलं नाही. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली. ते स्वतः तासगावचे, त्यामुळे गावातली भांडणं कशी लागतात आणि कशी मिटतात याची त्यांना जाण होती. समित्या झाल्या, बक्षिसं लागली, पाट्या लागल्या. 'एक गाव एक गणपती' आधीपासून होतंच. काही ठिकाणी या सगळ्याचा खरा फायदा झाला, काही ठिकाणी बक्षिसाच्या रकमेवरून नवा तंटा झाला. पण सरकारी कार्यक्रमाची एक अडचण कायमची असते. त्यात सगळे पाहुणे असतात. सर्वधर्म प्रार्थना होते, चार धर्मांचे चार प्रतिनिधी मंचावर बसतात, प्रत्येकाला बुके मिळतो, आणि कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या उचलायला मंडप डेकोरेटरची मुलं असतात. कुणी आलं नाही म्हणून कार्यक्रम अडत नाही. जो कार्यक्रम कुणाच्या न येण्याने अडत नाही तो कुणाचाच नसतो.

शांतता समितीच्या बैठकीवरचा लेख याच कारणासाठी दोनदा वाचावा. पोलीस ठाण्याच्या आवारात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढच्या रांगेत वर्षानुवर्षं तेच प्रतिष्ठित नागरिक. साहेब आवाजाच्या मर्यादेबद्दल बोलतात, सगळे माना डोलावतात, चहा आणि बिस्किटं फिरतात, सह्या होतात. बैठक संपते आणि खरी बैठक फाटकाबाहेर सुरू होते, मोटारसायकलींवर टेकून. "तुमचा गणपती सातला चौकातनं काढा की. आमची सवारी साडेसातला येतीया." "काढतो रे, पण डीजेवाला ऐकंल तर ना." "कोणाचा लावलाय?" नाव सांगितलं जातं. "अरे, तो आमच्या आतेभावाच्या गाडीवर होता. थांब, लावतो फोन." फोन लागतो. त्यानंतर पाच मिनिटं डीजेवाल्याच्या लग्नाबद्दल बोलणं होतं. सवारी आणि गणपती एकमेकांना अडत नाहीत. आवाजाची मर्यादा अर्थातच ओलांडली जाते, आणि त्याबद्दल दोन्हीकडच्यांवर गुन्हे दाखल होतात. यातही एक समानता आहे म्हणायची.

मला पुस्तकात एक मोठी उणीव दिसली. ती संपादकांना मी पत्राने कळवली आहे, आणि इथंही सांगतो, कारण प्रस्तावनेत नुसती स्तुती छापण्याची आपली पद्धत मला मान्य नाही. मानाच्या याद्या जुन्या आहेत. त्यांत पाटील आहे, मुजावर आहे, सुतार, लोहार, गुरव, हलगीवाला आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या गावांत जी माणसं आली ती कुठंच नाहीत. इचलकरंजीच्या मागांवर ओडिशा-बिहारची मुलं काम करतात. औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्यांत उत्तर प्रदेशची माणसं भट्टीसमोर उभी असतात. कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर आता छठपूजेला अर्घ्य द्यायला गर्दी होते. गावकरी बघायला जातात, फोटो काढतात, परत येतात. बीड-धाराशिवकडच्या ऊसतोड टोळ्या दर हंगामात पाच-सहा महिने गावाच्या शिवेवर पालं ठोकून राहतात. त्यांच्याशिवाय कारखान्याचं चाक फिरत नाही, आणि गावच्या एकाही सणाच्या वहीत त्यांचं नाव नाही. जुन्या मोहरमने महारामांगांपासून देशपांड्यांपर्यंत सगळ्यांना काही ना काही काम दिलं, पायरीसकट का होईना. नव्यांना आपण पायरीसुद्धा दिलेली नाही.

संपादकांचं उत्तर आलं. म्हणतात, टोळ्यांबद्दल लिहायला कुणी मिळालं नाही, दुसऱ्या भागात घेऊ. घ्यावं. कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या मागेपुढे सुरू होतो. मुकादम त्याच्या आधी गावात येऊन जातो आणि पालांच्या जागा ठरवतो. ज्याला हे काम करायचं असेल त्याने त्या आठवड्यात जावं, मुकादमाला भेटावं, आणि चहानंतर थांबावं.